भिंत चढवायला बोलावलं, कोपरा उतरवून आलो: कुंपणाच्या उंचीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, नगरपरिषदेची हद्द. ४० बाय ६० फुटांचा कोपऱ्याचा प्लॉट आणि त्यावर १९९८ साली बांधलेलं बैठं घर. मालक निवृत्त शिक्षक. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलंय, त्यात मीही आलो. म्हणून इथे त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. ओळख पटेल असं बाकी सगळं वगळलंय.

४० फुटांची बाजू समोरच्या मुख्य रस्त्याला, ६० फुटांची आडव्या गल्लीला. मागे शेजाऱ्याचा प्लॉट, तो दोन-अडीच फूट खाली. चौथी बाजू दुसऱ्या घराला लागून आहे, तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

कुंपणाची भिंत त्या काळी सगळीकडे बांधत तशीच होती. साडेचार इंची वीटकाम, दर १० फुटांवर नऊ इंची पिलर, दोन्ही अंगांनी गिलावा, डोक्यावर कोपिंग म्हणजे माथा झाकणारा सिमेंटचा थर. उंची ५ फूट. पुढच्या पंचवीसेक वर्षांत भिंत होती तिथेच राहिली आणि रस्ता वाढत गेला. दर डांबरीकरणाला जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, मग एकदा सिमेंट काँक्रीट. मी पाण्याची नळी धरून लेव्हल काढली तेव्हा रस्त्याचा मध्य अंगणाच्या मूळ पातळीपेक्षा ४० सेंटीमीटर वर निघाला. रस्त्यावरून पाहिलं तर पाच फुटी भिंतीची जेमतेम साडेतीन फूट उरली होती.

"ओट्यावर जेवायला बसलं की येणारा-जाणारा थेट ताटात बघतो," हे काकूंचं गाऱ्हाणं. त्यात फेब्रुवारीत गल्लीच्या बाजूने कुणीतरी रात्री उडी मारून धुण्याच्या जागेवरची पाण्याची मोटर आणि तांब्याचा बंब नेला. बंब काकूंच्या सासूबाईंचा. मोटर गेल्याचं दुःख त्यांनी आठवडाभरात आवरलं, बंबाचं अजून काढतात.

मुलगी परगावी, घरात दोघंच. ठरलं की तिन्ही बाजूंनी भिंत तीन फूट चढवायची. मिस्त्री येऊन बघून गेला होता. जुनं कोपिंग फोडायचं, वर वीट लावायची, काचा बसवायच्या, चार-पाच दिवसांत काम खलास. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "कंपाऊंडला कोण परवानगी काढतं?" सरांना ते पटलं नाही, म्हणून एप्रिलच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं.

अडचण: दोन टेप, दोन शून्यं

परवानगीचं आधी. महाराष्ट्रात मुंबई आणि काही क्षेत्रं सोडली तर २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात 'इमारत' या शब्दाच्या व्याख्येतच जागेला वेढणारी भिंत धरलेली आहे. कुंपणभिंतीसाठी वेगळी तरतूदही आहे. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटर उंचीपर्यंत भरीव भिंत. २.४ मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा, म्हणजे जाळी किंवा ग्रील. याहून जास्त हवं तर खास परवानगी.

मोजायचं रस्त्याच्या मध्यापासून, ही गोष्ट बहुतेकांच्या गावी नसते. सरांच्या हिशेबात भिंत ५ फूट होती, म्हणजे १.५ मीटरची मर्यादा संपलेली. नियमाच्या हिशेबात ती १.१ मीटरच होती, कारण शून्यच ४० सेंटीमीटर वर सरकलं होतं. म्हणजे वाढलेल्या रस्त्याने सरांना ४० सेंटीमीटर भरीव भिंतीची मुभा आपोआप दिली होती. सर खुश झाले. मीही हे जरा ऐटीतच सांगितलं होतं.

पण वारा रस्त्याच्या मध्यापासून मोजत नाही. भिंत उलटते ती पायापाशी, त्यामुळे तिच्या लेखी शून्य तिथेच. उंची वाढली की वाऱ्याला अडणारं क्षेत्रफळ वाढतं आणि तो जोर लागण्याची सरासरी उंचीही वाढते. दोन्हींचा गुणाकार होतो, म्हणून उलटवणारा जोर उंचीच्या वर्गाने चढतो. हे सांगितल्यावर सरांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच मांडलं: आठाचा वर्ग ६४, पाचाचा २५, भागाकार २.५६. "म्हणजे तीन फूट चढवायची आणि अडीचपट भार घ्यायचा," म्हणाले. अगदी तसंच. वीट चढवली तर निदान वजनही वाढतं आणि वजन भिंतीला धरून ठेवतं, पण ते वाढतं नुसतं उंचीच्या पटीत. पत्रा चढवला तर वजन जवळपास तेवढंच राहतं आणि जोर मात्र पुरता अडीचपट.

वीटकामाच्या आयएस १९०५ या संहितेत मोकळ्या उभ्या भिंतीची उंची जाडीच्या किती पट असावी याचं कोष्टक आहे. वाऱ्याचा दाब सौम्य असेल तिथे १० पट, मग दाब वाढेल तसं ७, ५ आणि ४. नऊ इंची सलग भिंतीला ७ पट धरलं तरी हिशेब सव्वापाच फुटांच्या आसपास संपतो. सरांची भिंत साडेचार इंची, पिलरांच्या जिवावर उभी. आणि वाऱ्याच्या संहितेत पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरलेला आहे. आमचं गावही त्याच पट्ट्यात येतं. असा वारा रोज सुटत नाही, पण वैशाखातल्या वळवाने झाडं कशी आडवी होतात ते इकडे सगळ्यांनी पाहिलंय.

कोपऱ्याचा नियम

तरतुदीचा पुढचा परिच्छेद मी सरांना दुसऱ्या भेटीत वाचून दाखवला. पहिल्याच भेटीत दाखवायला हवा होता.

कोपऱ्याच्या प्लॉटला, दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत, भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर. त्यावर हवं तर आणखी ०.७५ मीटर रेलिंग. कारण उघड आहे. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला मुख्य रस्त्यावरची गाडी दिसली पाहिजे, आणि सायकलवरचं पोर गाडीवाल्याला दिसलं पाहिजे.

सरांची समोरची बाजू ४० फूट, म्हणजे १२ मीटर. त्यातले १० मीटर कोपऱ्याच्या नियमात आणि उरलेल्या जागेत गेट. ज्या बाजूने लोक ताटात बघत होते, तीच बाजू चढवता येत नव्हती. उलट तिथली भरीव भिंत १.१ मीटर असल्याने ३५ सेंटीमीटर जास्तच होती.

सरांचा चेहरा पडला. "समोरच्या कोपऱ्यावर बघ, आठ फूट भिंत आहे. त्याला विचारलं का कुणी?" विचारलं नव्हतं, हे खरं. त्याला काय होईल ते मला सांगता येत नाही, तुम्ही अर्ज केलात तर नकाशावर कोपरा दिसणारच, एवढंच मी म्हणालो. अर्ज न करता बांधलं आणि कुणी तक्रार केली, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. मग पाडायचा खर्चही आपलाच.

माझी चूक

हा भाग टाळता आला असता तर टाळला असता.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सरांचा फोन आला. नकाशा, अर्ज, सगळ्याला वेळ लागणार, आणि गल्लीत रात्री पुन्हा कुणीतरी भिंतीवरून डोकावताना काकूंनी पाहिलं होतं. "तोपर्यंत गल्लीच्या मागच्या भागात पत्रा ठोकू का, तात्पुरता?" मी दुसऱ्या साइटवर स्लॅबच्या गडबडीत होतो. म्हणालो, "तात्पुरता लावा, हरकत नाही." वर्गाचं गणित ज्यांना मी दहा दिवसांपूर्वी समजावलं, त्यांनाच मी हे सांगितलं. त्यांनी विद्यार्थ्यावर विश्वास ठेवला.

मिस्त्रीने गल्लीकडच्या मागच्या २६ फुटांत पिलरांना लोखंडी अँगल बोल्टने आवळले आणि त्यावर तीन फुटी पत्रा मारला. आठवड्याने संध्याकाळी वळीव आला. भिंत पडली नाही. सकाळी सरांनी बोलावलं तेव्हा वरवर काहीच दिसत नव्हतं, पत्राही जागेवर होता. मी गल्लीच्या बाजूने उकिडवा बसलो. तीन पिलरांच्या बुडाशी, जमिनीपासून चार बोटं वर, गिलाव्यात आडवी चीर होती, केसासारखी बारीक. हॅक्सॉचं पातं घालून पाहिलं. दोन पिलरांत ते सहज दीड इंच आत गेलं, तिसऱ्यात अडलं. अंगणाच्या बाजूला चीर नव्हती.

म्हणजे वारा गल्लीकडून आत आला होता, भिंत अंगणाकडे झुकली, गल्लीकडचं बूड उचललं गेलं, आणि वारा सरताच ती परत बसली. वीट आणि मसाल्याच्या जोडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. एकदा उघडलेला सांधा पुढच्या वेळी आधीपेक्षा लवकर उघडतो. पत्रा त्याच दुपारी उतरवला.

पायाचा खड्डा

त्यानंतर मी जे केलं ते खरं तर पहिल्या दिवशी करायचं होतं. अंगणाच्या बाजूने भिंतीला चिकटून दोन ठिकाणी पाया उघडा केला. पहारीने आणि टिकावाने, हलक्या हाताने. दीड फुटावर अनगड दगडांचा पाया संपला. खाली काळी माती, मुठीत दाबली की गोळा होणारी आणि मे महिन्यात बोटभर भेगाळलेली. मुरूम लागला साडेतीन फुटांवर. दगडांच्या वर काँक्रीटचा पट्टा नाही, पिलरांत सळई नाही. १९९८ सालच्या पाच फुटी कुंपणाला हे चालून गेलं, आणि २५ वर्षं ते उभं राहिलं याबद्दल बांधणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याने या पायावर आठ फूट कधी धरलेच नव्हते.

ओळंबा सोडला. समोरची भिंत सरळ होती. गल्लीची अर्ध्या इंचाने कललेली. मागची, शेजाऱ्याच्या बाजूची, दीड इंच बाहेर गेलेली.

मागची बाजू

मागच्या भिंतीला अंगणाच्या बाजूने सरांची बाग होती. दरवर्षी ट्रॉलीभर माती, शेणखत, पालापाचोळा. करता करता भिंतीलगत अडीच फूट भराव झाला होता. कढीपत्ता, जास्वंद, एक हापूसचं कलम. सरांच्या दृष्टीने तो वाफा होता. भिंतीच्या दृष्टीने तो सतत टेकून उभा असलेला भार होता आणि पावसाळ्यात त्यात पाण्याचा दाबही मिसळत होता. पाणी निघून जायला भिंतीत एकही भोक नव्हतं. कुंपणाची भिंत नकळत धारक भिंत, म्हणजे माती अडवून धरणारी भिंत झाली होती. मातीचा एकूण रेटाही उंचीच्या वर्गानेच वाढतो, हे सरांनी माझ्या आधीच ओळखलं.

टेप पलीकडून धरायला कुणी हवं होतं म्हणून मी वळसा घालून शेजाऱ्याच्या आवारात गेलो. तिथे भिंतीला टेकवून पत्र्याची खोली होती. भाड्याने राहणारं कुटुंब, दोन मुलं. मुलांच्या खाटा भिंतीला लागून. भिंत ओली होती म्हणून त्यांनी मधे प्लॅस्टिकचा कागद लावला होता.

२०१९ च्या जूनअखेरीस पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत रात्रीच्या पावसात पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. चारच दिवसांत मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत वस्तीवर आली, त्यात याहून जास्त माणसं गेली. त्या आठवड्यानंतर मागे माती असलेली भिंत दिसली की पलीकडे कोण झोपतं, हे मी आधी विचारतो. इथे मात्र तीन आठवडे विचारलं नव्हतं, कारण मला बोलावलं होतं पुढच्या बाजूच्या उंचीसाठी.

त्या दिवशी उंचीची चर्चा थांबवली. मृग तोंडावर होता.

विचारात घेतलेले पर्याय

मिस्त्रीचा मूळ प्रस्ताव, म्हणजे जुन्यावर वीट, पाया पाहिल्यावर निकालात निघाला. काचांनाही मी नकार दिला. काच चोराला अडवते त्याहून जास्त मांजरांना आणि चेंडू आणायला चढलेल्या पोरांना कापते. शेताच्या कुंपणाला लावतात तसं झटका मशीन सरांच्या पुतण्याने सुचवलं होतं. भरवस्तीत, शाळेच्या वाटेवर, ओल्या भिंतीवर ते नको, यावर काकूंचं आणि माझं लगेच एकमत झालं.

जुन्याच पिलरांना ग्रील बसवावं का, यावर जास्त वेळ गेला. जाळीचा चौथा भाग भरीव धरला, तर तीन फूट चढवूनही पायापाशी जोर १.४ पटच होतो, पत्र्यासारखा २.५६ पट नाही. आरपार भागाचा नियम नजरेसाठी आहे असं लोक समजतात, पण हिशेबाने तो भिंतीच्याही भल्याचा आहे. तरी चिरलेल्या, बिनसळईच्या पिलरांवर १.४ पटसुद्धा घ्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय जाळी केली की वर्षभरात तिच्यावर काहीतरी बांधलं जातं. वेल चढतो, नाहीतर हिरवं नेट येतं. मग १.४ पटीचं पुन्हा २.५६ होतं.

सगळी भिंत पाडून आरसीसी कॉलमवर नवी बांधणं हा सर्वात स्वच्छ पर्याय होता. तो सरांच्या खिशाला झेपणारा नव्हता.

उरला मधला मार्ग. जुन्या भिंतीला उंचीचा भारच द्यायचा नाही. तिच्या आतून एक फूट सोडून स्वतंत्र लोखंडी खांब, प्रत्येकाला मुरमात उतरवलेलं स्वतःचं फुटिंग म्हणजे काँक्रीटचा पाया, आणि जाळी या खांबांवर. भिंत भिंतीच्या जागी आणि जाळी जाळीच्या पायावर.

घेतलेले निर्णय आणि कामाचा क्रम

पहिलं काम मातीचं. मागच्या भिंतीलगत पाच फुटांचा पट्टा मूळ जमिनीपर्यंत रिकामा केला, जवळपास पाच ब्रास, म्हणजे ५०० घनफूट माती. जेसीबी भिंतीजवळ येऊ दिला नाही, घमेल्यांनी आणि हातांनी काढली. त्या आधी शेजाऱ्यांना सांगून पलीकडच्या मुलांच्या खाटा दुसऱ्या भिंतीला हलवल्या. शेजारी म्हणाले, "सर, तुम्ही आधी कधी सांगितलंच नाही." सर म्हणाले, "मलाच कुठं माहीत होतं." हापूसचं कलम भिंतीपासून सहा फुटांवर निघालं. त्याच्याभोवती दगडांचा गोल पार बांधून त्याची माती तिथेच ठेवली.

माती काढल्यावरही कललेली भिंत पावसाळाभर पाच फूट उभी ठेवायची नव्हती. वरचं अडीच फूट वीटकाम हाताने उतरवलं आणि चार महिने त्या जागी जाळी ताणून ठेवली. इथे सरांना चोरीची भीती होती, आणि ती चुकीची नव्हती. मुलगी महिनाभर येऊन राहिली.

दरम्यान अर्ज गेला. नकाशात कोपरा आम्ही स्वतःहून नियमाप्रमाणे दाखवला: १० मीटर अलीकडे, १० मीटर पलीकडे, ०.७५ भरीव, ०.७५ रेलिंग. नगररचना विभागातल्या अभियंत्याने पहिलं बोट कोपऱ्यावरच ठेवलं. बाकी दोन किरकोळ दुरुस्त्या लागल्या. गेट रस्त्याकडे उघडत होतं, ते पूर्णपणे आत उघडणारं दाखवावं लागलं.

मागच्या शेजाऱ्यांचा एक मुद्दा होता. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या भिंतीकडे होती, घराइतकीच जुनी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सलग २० वर्षं उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याला संरक्षण आहे. त्यांनी कायद्याचं नाव काढलं नव्हतं, फक्त "अंधार करू नका" म्हणाले होते. तिथे नवी भिंत जुन्याच उंचीची, पाच फुटी ठेवली आणि वर दोन फूट जाळी. त्यांचं संमतिपत्र अर्जाला जोडलं.

बांधकाम दिवाळीनंतर झालं. मागे मुरमापर्यंत फुटिंग, कॉलम, जमिनीलगत बीम, त्यावर भिंत आणि बुडाशी पाणी निघायला पाइपचे तुकडे. गल्लीकडच्या मागच्या २६ फुटांत, जिथून चोर आला होता तिथे, स्वतंत्र खांबांवर रस्त्यापासून २.४ मीटरपर्यंत जाळी. जुन्या भिंतीच्या डोक्यावरून ४० सेंटीमीटर सिमेंट शीटची पट्टी, तीही खांबांवरच. नियमाला ही उंची २.४ मीटर, पण खांबांना ती अंगणापासून २.८ मीटर पडते. मी खांब २.८ धरून काढले आणि जाळी आहे असं न मानता पूर्ण भरीव पडदा आहे असं मानून काढले. त्यामुळे फुटिंग वाढलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, जाळीला एवढा खड्डा?"

एक गोष्ट खांबांचे खड्डे मारताना लक्षात आली. गल्लीतल्या विजेच्या खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर नेमकी त्या जागेवरून जात होती आणि बरीच लोंबली होती. लोखंडी जाळीला ती घासली असती. वीज कंपनीकडे अर्ज करून ती दुसऱ्या कोपऱ्यावरून उंच घेतली आणि जाळीला अर्थिंग दिलं. इमारतीपासून कमी दाबाच्या उघड्या तारा आडव्या अंतरात किमान १.२ मीटर असाव्या लागतात. मुख्य तारांचं अंतर तेवढं होतं, ते टेपने मोजून नकाशावर लिहिलं.

आणि समोरची बाजू? ती १४ इंचांनी उतरली. जिथे उंची हवी होती तिथेच सरांनी पैसे देऊन वीटकाम काढलं, कोपिंग पुन्हा ओतलं, रेलिंग बसवलं. ताटात बघणाऱ्यांचा बंदोबस्त ओट्यावर झाला. बांबूचे दोन गुंडाळायचे पडदे, जेवताना सोडायचे, एरवी वर. हे काकूंनीच सुचवलं. आम्ही सगळे हद्दीवरच आडोसा शोधत होतो. पडदे एका दुपारी लागले आणि अख्ख्या कामात सर्वात स्वस्त तेच पडले.

एकूण खर्च मिस्त्रीच्या पहिल्या अंदाजाच्या तिप्पट. त्यातला निम्म्याहून जास्त मागच्या भिंतीत गेला, जी चढवायच्या यादीत शेवटची होती.

वेगळं काय करता आलं असतं

फोनवर 'तात्पुरता' या शब्दाला होकार दिला नसता, हे पहिलं. पत्रा काय, शेडनेट काय, लग्नाचा मांडव काय, वारा त्याला तात्पुरता म्हणून सोडत नाही. द्यायचाच होता तर गल्लीच्या तोंडाला एक दिवा लावा, हा सल्ला द्यायला हवा होता. तो आम्ही नंतर लावला, आणि डोकावणं थांबलं ते बहुधा त्यानेच, जाळी उभी राहायच्या कितीतरी आधी.

दुसरं, क्रम. मी नियमापासून सुरुवात केली, मग गणित, मग पाया, आणि भिंतीची पलीकडची बाजू सगळ्यात शेवटी. उलटं हवं होतं. पलीकडे जाऊन यायला दहा मिनिटं लागतात, खड्डा मारायला अर्धा दिवस.

तिसऱ्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. कोपरा उतरवायचा आग्रह मी धरायला हवा होता का? सरांनी अर्जच केला नसता तर जुना कोपरा तसाच राहिला असता आणि कुणी काही म्हटलं नसतं. काही सहकारी म्हणतात, गिऱ्हाईक भिंत वाढवायला आलं होतं, तू त्याची कमी करून दिलीस. मी आता त्या गल्लीतून गाडी काढतो तेव्हा मुख्य रस्त्यावरची एसटी वळणाच्या आधी दिसते. समोरच्या आठ फुटी कोपऱ्यामागून येणारी दिसत नाही.

पुढच्या मे महिन्यात

वर्षाने सहज म्हणून गेलो. मागची भिंत ओळंब्यात होती, पलीकडच्या खोलीतला प्लॅस्टिकचा कागद निघाला होता आणि खाटा पुन्हा जुन्या जागी आल्या होत्या. हापूसला मोहर आला होता, फळ टिकलं नव्हतं.

गल्लीकडच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं शेडनेट बांधलेलं होतं. बाइंडिंग वायरने, फूट-फूट अंतरावर, नेटकं. काकू म्हणाल्या, "ऊन लागतं धुण्याच्या जागी. पावसाळ्यात मधुमालती वर गेली की काढते." खाली वाफ्यात मधुमालतीची चार रोपं लावलेली होती.

खांबांना ते झेपणार होतं, तेवढ्यासाठीच ते मोठे केले होते. नगरपरिषदेला दिलेल्या पूर्णत्वाच्या फोटोत मात्र जाळी आरपार होती. मी तसं म्हणालो. सरांनी चहाचा कप खाली ठेवला, आत गेले आणि कात्री घेऊन आले. दोघांचं बोलणं झालं. शेवटी वरचं तीन फूट नेट कापलं, सिमेंट शीटच्या मागचं खालचं राहिलं. मधुमालतीचं काय करायचं, त्यावर अजून निकाल नाही.